दुसरी पायरी

आमचे हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. जन्मभर एकच विषय धरून बसले: तत्त्वज्ञांनी गणिताची रीत कशी उचलली. कुणी भूमितीसारख्या व्याख्या आणि गृहीतकं मांडून थेट देव सिद्ध करायला निघाला, कुणी म्हणाला, वाद कशाला, आकडेमोड करून ठरवू. त्यावर यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात स्वतःच म्हणतात, सगळ्यांचं घोडं पहिल्या गृहीतकापाशी अडलं, कारण ते सिद्ध होत नाही, नुसतं मान्य करावं लागतं. पुस्तकात एवढं शहाणपण, आणि घरात मात्र जेवणाच्या टेबलाशेजारी फळा.

काही हवं असेल तर फळ्यावर मांडायचं. मला मेलीला कधी जमलं नाही, मी सरळ भांडायचे. आमची लेक ठकी मात्र बापाच्या वरताण निघाली. शाळा संपल्यावर तिला चित्रकला शिकायची होती. यांनी चार पायऱ्यांत ते चूक ठरवलं. पोरीने एकेक पायरी तपासली, "मान्य" म्हणाली आणि रंग माळ्यावर टाकले.

परवा ती आली ती निरोप घ्यायला. कायमची परदेशी निघाली होती. हे नुसते घुटमळत होते.

"अहो, राहा म्हणा की तिला," मी म्हटलं.

"नुसतं कसं म्हणू? काही आधार नको?"

बॅगा दाराशी आल्या तेव्हा यांनी खडू उचलला. लिहिलं: ठकी माझी मुलगी आहे. आणि थांबले.

तिने वाचलं. "हे मान्य, बाबा. पण यातून मी राहावं असं निघत नाही. पुढची पायरी?"

तिने वाट पाहिली, खरंच पाहिली. मग निघाली.

टॅक्सीत बसताना मला म्हणाली, "आई, नुसतं 'जाऊ नकोस' म्हणाले असते ना, तर बॅगा उतरवल्या असत्या गं."

वर आले तर हे फळ्यापाशीच. "सापडली बघ दुसरी पायरी." खाली लिहिलं होतं: ती नसली की मला करमत नाही.

इतकी वर्षं कुठे होतं हे वाक्य? रडूही आलं आणि संतापही. मी ठकीला फोन लावला, तिने उचलल्यावर यांच्या तोंडापुढे धरला. "वाचा. एवढंच वाचा."

"थांब जरा," हे म्हणाले आणि चष्मा शोधू लागले. "आधी तपासून बघू दे."

पलीकडे ठकीने ते ऐकलं.

"तपासू दे त्यांना, आई," म्हणाली आणि फोन ठेवला.