सिराजची फ्लॉपी

सिराज गेला तेव्हा शकीला रडली नाही. मयतीला आलेल्या बायका रडून मोकळी हो म्हणून मागे लागल्या, तर तिने त्यांच्यासाठी चहा टाकला. कसबा पेठेत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म काढलेला हा तिचा थोरला भाऊ. पुढे त्याचा मुलगा इम्तियाज खोली आवरायला लागला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तो कॉम्प्युटर भंगारात देऊ नकोस. आधी एकदा चालवून बघू."

तो कॉम्प्युटर सत्त्याऐंशी सालचा. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र, पडदा म्हणून घरातला टीव्ही. फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह वेगळा, केबलने बाहेरून जोडायचा. मूळचा ड्राइव्ह केव्हाच मोडला होता. आजारपणात सिराजने जुन्या बाजारातून दुसरा आणला, पण तो काही जमेना, आणि मग सिराजच अंथरुणाला खिळला.

शकीलाने सिराजच्या कॉलेजातल्या मित्राला, अनंतला बोलावलं. तो खराडीच्या एका कंपनीतून नुकताच निवृत्त झाला होता. आल्या आल्या त्याने ड्राइव्ह खोलला. हा म्हणे दोन नंबरचा ड्राइव्ह म्हणून बसवलेला, आणि कॉम्प्युटर हाक मारतोय एक नंबरला. ओ देणार कोण? त्याने एक बारीक पिन हलवली. दिवा लागला, मोटर घरघरली आणि टीव्हीवर फ्लॉपीतल्या फायलींची नावं आली. त्यात इंग्रजी अक्षरांत एक नाव होतं, शकू.

शकीला बघत राहिली. तिच्या आत काहीच हललं नाही.

फाइल मात्र उघडेना. अनंतने केबल बदलली, फ्लॉपी पुसली, पुन्हा पुन्हा तीच चूक. बराच वेळ डोकं धरून बसल्यावर त्याच्या लक्षात आलं. नावं फ्लॉपीवरच्या गोल रेघांपैकी पहिल्याच रेघेवर असतात, म्हणून दिसतात. पण जुना ड्राइव्ह फ्लॉपीवर चाळीस रेघा आखायचा, हा नवा ऐंशी आखतो. याचं पाऊल निम्मं, त्यामुळे तो पुढे दोन रेघांच्या मधेच जाऊन पडतो.

"मग आता?" शकीलाने विचारलं.

"दर वेळी दोन पावलं टाक, असं सांगायचं त्याला."

त्याने तशी आज्ञा दिली. या खेपेला फाइल उघडली.

तो टायपिंगचा सराव होता. त्या काळी शकीला टायपिंगच्या परीक्षेला बसणार होती, पण त्याआधीच लग्न होऊन ती सोलापूरला गेली. क्लास सुटला तो सुटलाच.

"तुझ्यासाठीच करत होता तो," अनंत म्हणाला. "तुला बोलला नाही?"

"नाही. मला वाटायचं, गेम खेळतो."

पडद्यावर एक ओळ आली. शकीला खुर्ची ओढून बसली आणि टाइप करू लागली. चौथ्याच शब्दाला चूक झाली. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं, 'शकू, परत. घाई नको.' तिने परत केलं. पुन्हा चुकलं, पुन्हा तेच वाक्य. अनंत खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. सगळ्या ओळी संपेपर्यंत ती उठली नाही.

मग तिने अनंतला सगळं घेऊन जायला सांगितलं. इथे पुन्हा बिघडलं तर बघणारं कोणी नव्हतं.

"फ्लॉपी तरी ठेव."

"कशात घालू, अनंतभाऊ? तुमच्याकडे निदान चालेल तरी."

संध्याकाळी इम्तियाज आला, रिकामं टेबल बघून म्हणाला, "फुप्पी, चालला का?"

"चालला."

"काय होतं त्यात?"

"टायपिंग," ती म्हणाली आणि पीठ मळायला बसली.