गणिताच्या सरांची पाठ

यंदा आमच्या हायस्कुलाचा गणिताचा निकाल जिल्ह्यात पहिला आला. गणिताचे सर पाठदुखीमुळे वर्षभर घरी पडून होते. बदली शिक्षक काही मिळाला नाही, म्हणून पोरं आपापसात भांडत, फळा खरडत गणितं सोडवायची. तरी सत्कार सरांचाच झाला. गळ्यात हार घालून ते तासभर उभ्याने मेहनतीवर बोलले.

मी विज्ञान शिकवते. एकही तास बुडवला नाही, घसा बसेपर्यंत शिकवलं, आणि माझाच निकाल तळाला गेला. मुख्याध्यापकांनी बोलावलं तेव्हा बोलणी खायच्या तयारीनेच गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि अगदी मायेने विचारलं, “बाई, तुमची पाठ कशी आहे?”