कुंकवाचे बाण

चैत्रालीने अंगठा कुंकवात बुडवला आणि फाट्यावरच्या दगडावर घाईघाईने बाण काढला. टोक वर, खाणीकडे.

पुढून उल्हासकाका ओरडले, "मॅप माझ्या डोक्यात आहे, कुणी घाबरू नका!"

घाबरण्यासारखं तेच होतं. कॅनडातल्या ओसोयूसच्या या रखरखीत डोंगरात फोनला सिग्नल नव्हता, आणि मिसिसागाहून आलेल्या ग्रुपमधली सीनिअर मंडळी बरीच मागे राहिली होती. काकांचा अपमान नको, म्हणून ती प्रत्येक फाट्यावर गुपचूप खूण करत होती. खडू नव्हता. देवळातून आल्यापासून बॅगेतच राहिलेली कुंकवाची डबी होती.

बंद पडलेल्या खाणीच्या तोंडाला लोखंडी जाळी होती, तिच्यावर 'डेंजर'ची पाटी. सीनिअर मंडळी पोचली ती बूट हातात घेऊन, अनवाणी. सगळ्यांची कपाळं लाल.

"अगं, वाटभर देव आहेत!" सीमाकाकूंना धाप लागली होती. "दगडादगडावर त्रिशूळ! आम्ही कपाळाला लावत लावतच आलो."

"सांगत नव्हतो?" उल्हासकाकांनी कधीच काही सांगितलं नव्हतं. "पूर्वी इथे खाणीत आपली माणसं असणार!"

चैत्राली खरं काय ते सांगणारच होती. तेवढ्यात सगळ्यांच्या मागून शीलाताई आल्या, तिच्या सासूबाई. सासरे गेल्यापासून त्यांचं कपाळ कोरं होतं. "लावा हो आई, आता कोण पाळतं?" असं तिने कितीदा म्हणून पाहिलं होतं. आज तिथे टिकलीएवढा ठिपका होता.

"देवाचं म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?" त्या हळूच म्हणाल्या.

चैत्रालीने डबी बॅगेत खोल ढकलली. ग्रॅनोला बारचा नैवेद्य झाला, डेंजरच्या पाटीसमोर आरती झाली. तिनेही टाळ्या वाजवल्या. मान मात्र वर केली नाही.

उतरताना पहिल्याच फाट्यावर तिने खूण शोधली. दगड स्वच्छ. भक्तांनी बाण पार पुसून नेला होता.

"उजवीकडे!" म्हणत उल्हासकाका निघालेसुद्धा. मंडळी त्यांच्यामागे. उन्हं उतरत होती, सीमाकाकूंची बाटली रिकामी झाली होती. आता बोलायलाच हवं होतं. ती सासूबाईंकडे वळली, नजर त्यांच्या बुटांवर.

"आई, सॉरी. ते कुंकू... ते देवाचं..."

"डावीकडे," शीलाताई तिला ऐकू जाईल इतपतच बोलल्या. "बाणाचं शेपूट तिकडे होतं."

चैत्रालीने मान वर केली.

शीलाताईंनी आवाज चढवला. "उल्हासराव, अहो, फिरा मागे! डावीकडे! देवानेच तशी खूण केली होती."

"तेच म्हणतोय मी," उल्हासकाका परत येत म्हणाले.

शीलाताईंनी डोक्यावरची टोपी थोडी मागे सरकवली, कुंकवाला लागणार नाही इतकी, आणि डावीकडची वाट धरली.