पुण्याचं डिपॉझिट

साकेतचा पुण्याहून फोन आला आणि अनंतरावांचं जेवण अर्ध्यावरच राहिलं. पोरानं नोकरीच्या जवळ दोन खोल्यांचा फ्लॅट पाहिला होता. बाल्कनीत कपडे वाळत घातले की माणसाला उभं राहायला जागा नाही, आणि भाडं ऐकून सुमेधाबाईंना वाटलं, पोरगा घर भाड्यानं घेतोय की विकत? त्यावर दलालाचं एका महिन्याचं भाडं वेगळं. पण अनंतरावांना झोंबलं ते पुढचंच. इतरांकडून तीन महिन्यांचं डिपॉझिट घेणाऱ्या मालकानं साकेतकडे सहा महिन्यांचं मागितलं होतं. "यवतमाळचे का तुम्ही? तिकडचं रोज पेपरात येतं. उद्या भाडं थकलं तर आम्ही कोणाकडे बघायचं?" असं तोंडावर म्हणाला होता.

"नालायक माणूस," अनंतराव म्हणाले. "अख्खी नोकरी सरकारी कचेरीत काढली मी. कोणाचा रुपया बुडवला नाही. अन् हा जिल्ह्याचं नाव ऐकून माणसाची पत ठरवून राहिला?"

पुढचे दोन दिवस भेटेल त्याला ते हेच ऐकवत होते. पानठेल्यावर, बँकेत, देवळाच्या पायऱ्यांवर. सुमेधाबाईंनाही राग आला होता. नवऱ्याचं म्हणणं असं सोळा आणे पटायचे प्रसंग त्यांच्या संसारात फार नव्हते.

मग हिरासिंग आला. आर्णीकडच्या तांड्यावरचा हा शेतकरी. त्याची मुलगी कौसल्या अनंतरावांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहून डी.एड. करत होती, आणि तिची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. भाडं हिरासिंग स्वतः आणून देई, कधी चुकला नाही. शिवाय कापसाची पहिली वेचणी झाली की विकायच्या आधी त्यातला थोडा देवासाठी बाजूला काढायची त्याच्या घरची रीत होती. त्यातलाच कापूस तो दर वर्षी वातींसाठी सुमेधाबाईंना आणून देई. यंदा भाव पार मातीत गेला होता, तरी पिशवी आलीच.

अनंतरावांनी पिशवी ठेवून घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हिरासिंग, पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवावं लागते. अन् सहा महिन्यांचं डिपॉझिट द्या."

"कायले साहेब? माह्याकून काही चुकलं का?"

"तुमचं नाही हो. पण यंदा कापसाचं काही खरं नाही. तुमच्या तांड्यांचं रोज पेपरात येते. उद्या भाडं थकलं तर मी कोणाकडे बघायचं?"

चहा घेऊन दारात उभ्या असलेल्या सुमेधाबाईंना नवऱ्याची किळस आली. त्या पुण्याच्या मालकाला निदान साकेत परका तरी होता. हा माणूस मात्र हिरासिंगच्या शेतातली तूरडाळ खातो, त्यातलीच पोराला पाठवतो, आणि दोन दिवस ज्या वाक्यावर थुंकला तेच उचलून याच्या तोंडावर मारतो. हातातला चहा मोरीत ओतावा असं त्यांना वाटलं. पण तेवढ्यात साकेत आठवला. त्याचं डिपॉझिट यातूनच उभं राहणार होतं. त्यांनी मुकाट्यानं चहा दोघांपुढे ठेवला, आणि आता त्यांना स्वतःचीही किळस आली.

हिरासिंग "बरं" म्हणून उठला आणि वर जाऊन त्यानं पोरीला सामान बांधायला सांगितलं.

तेव्हा कुठे सुमेधाबाईंना वाचा फुटली. तो खाली उतरताच त्यांनी त्याला जिन्याशीच गाठलं. "हिरासिंगभाऊ, घर माझ्या नावावर आहे." नोकरीत नसती चौकशी नको म्हणून अनंतरावांनीच ते बायकोच्या नावावर केलं होतं, आणि बायको ते विसरली असेल असा त्यांचा समज होता. "कौसल्या इथंच राहील. आहे त्याच भाड्यात. यांचं ऐकू नका."

"नाही बाई," हिरासिंग म्हणाला. त्याचा आवाज जराही चढला नाही. "पैशाचंच असतं त मी काही बी करून भरले असते. पन जिथं बापावर भरोसा नाही, तिथं पोरीले कोनाच्या भरोशावर ठेवू? तुमी बी तिथंच उभ्या होत्या ना. येष्टीनं येनंजानं करंल ते."

सुमेधाबाई जिन्यातून बाजूला झाल्या.

कौसल्या पेटी घेऊन खाली आली आणि सवयीनं दोघांच्या पाया पडली. "सुखी राहा," अनंतराव म्हणाले. लाज कोळून प्यायलेल्या माणसाला आशीर्वाद द्यायला काय लागतं?

संध्याकाळी सुमेधाबाईंनी दुकानातल्या वातींचा पुडा फोडून देवापाशी दिवा लावला. कापसाची पिशवी तशीच बांधलेली, दाराजवळ.

"घरात इतका चांगला कापूस असताना विकतच्या वाती काहून?" अनंतरावांनी विचारलं.

"तो परत पाठवायचा आहे," त्या म्हणाल्या. "आपण त्याचं डिपॉझिट कुठं भरलंय?"