खोक्यातला नोहा

“गुडघा दुखतो माझा, म्हणून नाही जात! झालं समाधान?” मावशीनं ओल्या चादरीला असा झटका दिला की सगळे शिंतोडे माझ्या तोंडावर.

“परवा म्हणालीस, तुझ्या जेवणाचे हाल होतील. काल म्हणालीस, वर्ग कोण घेणार. आज गुडघा. उद्या काय, केस दुखतील?”

“तोंड सांभाळ, तुफान.”

तुफान म्हणजे मी. नववीत शाळेला रामराम ठोकला तेव्हा तिनंच ठेवलेलं नाव. मी फ्रिज-टीव्हीच्या दुकानात कामाला आहे, लोकांच्या घरी माल पोचवतो. आई नोकरीसाठी दुसऱ्या गावी असते, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मावशी चष्म्यांच्या दुकानात काचा बसवते आणि दर रविवारी चर्चमागच्या खोलीत पोरांना बायबल शिकवते. मी जन्मलोही नव्हतो तेव्हापासून.

भांडण कशावरून, तर एक संस्था बायबल शिकवणाऱ्यांना निवडून अभ्यास-सहलीला पाठवते. पहिले ख्रिस्ती लोक जिथे राहिले, प्रार्थनेला जमले, जिथे त्यांना पुरलं, ती खरीखुरी ठिकाणं दाखवायला. विमान, राहणं, खाणं, सगळा खर्च संस्थेचा. मावशी धडा घेताना मी मोबाईलवर व्हिडिओ काढला, तो पाठवला, आणि झाली की तिची निवड! मी जिन्यात नाचलो. तीसुद्धा गाल दुखेपर्यंत हसत होती.

मग माहितीची पुस्तिका आली. वरच फोटो होता, जमिनीखालच्या कबरींचा बोगदा. अरुंद, दोन्ही भिंतींत मढी ठेवायचे कप्पे, छप्पर डोक्याला टेकेल असं. मावशीनं पुस्तिका पालथी घातली आणि वर साखरेचा डबा ठेवला. तेव्हापासून रोज एक नवं कारण निघतंय.

मला काय डोळे नाहीत? आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू असताना ही बाई पाच मजले जिन्यानं चढते. दुखऱ्या गुडघ्यानं! बाथरूमची कडी कधी लावत नाही. आत मोठमोठ्यानं गाणी म्हणते, म्हणजे कुणी दार ढकलू नये. बसमध्ये दाराजवळची सीट नसेल तर पुढच्या बसची वाट बघते.

“मावशी, तुला बंद जागेची भीती वाटते. सरळ सांग की.”

तिच्या तोंडात कपड्याचा चिमटा होता. तो तिनं सावकाश काढला. “रविवारी वर्ग संपला की संस्थेच्या बाईंचा फोन येणार आहे. मी नाही म्हणून सांगणार. विषय संपला.”

संपला कसला! माझं डोकं इतकं तापलं की त्यावर चहा झाला असता.

आमच्या दुकानाच्या गोदामात फ्रिजची रिकामी खोकी ढिगानं पडलेली असतात. शनिवारी मालकांना म्हटलं, नेऊ का?

“घर बांधतोस का?”

“बोगदा.”

“बांध बाबा. पण चिकटपट्टी दुकानाची वापरायची नाही,” म्हणाले, आणि स्वतःच दोन रोल माझ्या अंगावर फेकले.

संध्याकाळी वर्गाच्या खोलीत खोकी आडवी टाकून एकाला एक जोडली. मधे एक वळण ठेवलं, म्हणजे पलीकडचं तोंड दिसायला नको. पाळकसाहेब डोकावले. “हे काय रे?”

“पहिल्या ख्रिस्ती लोकांचं कबरस्तान.”

“पोरांच्या वर्गात?”

“उद्याच उचलतो.”

त्यांनी मान हलवली, आणि मग बाह्या सरसावून खोक्याचं दुसरं टोक धरलं. ते गेल्यावर मी आत शिरून जाड मार्करनं चित्रं काढली, पुस्तिका शेजारी उघडी ठेवून. मासा, जहाजाचा नांगर, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, आणि महापुरात बायकापोरं, जनावरांच्या जोड्या घेऊन तारवात बसला तो नोहा. माझा बेत सोपा होता. पोरं आत जातील, मजा करतील, मग मावशीलाही वाटेल आपण जाऊन बघावं.

रविवारी मावशी आली. बोगद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या नजरेनं दूध नासलं असतं. “छान केलंय. जा मुलांनो, बघून या,” म्हणाली, आणि स्वतः खुर्ची घेऊन दारात बसली. दार सताड उघडं.

पोरं धडाधड आत. मी बाहेर दात खात उभा. आता एक लाथ घालावी आणि सगळं सपाट करावं, असं मनात आलंच होतं, तेवढ्यात आतून भोंगा वाजला. भोंगा म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान पोरगी. हळू बोलणं तिला माहीतच नाही.

“टीचर! नोहाला कपाटात कोंडलंय!”

“कपाट नाही गं, तारू,” मावशी खुर्चीतूनच म्हणाली.

“कपाटच आहे! एकटाच आहे आत! हत्ती पण नाही!”

“बायको पण नाही!” दुसरा ओरडला.

“सुटला बिचारा!” तिसरा.

मावशी उठली. तिचं एक आहे. पोरं उशिरा आली चालेल, धडा विसरली चालेल, पण बायबलचं चित्र चुकलेलं चालत नाही. एकदा शेजारच्या वर्गाच्या भिंतीवर मेंढराला पाच पाय निघाले होते. भर प्रार्थनेत उठून तिनं एक पाय खोडला.

“तुफान! तारू तीनशे हात लांब होतं! तीन मजली! काय काढून ठेवलंयस?” टेबलावरचा मार्कर उचलला, खाली बसली आणि रांगत सरळ आत. गुडघ्यांवर! त्याच गुडघ्यांवर!

तिच्या चपला वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या. मीही मागून घुसलो. ती नोहासमोर बसली होती, मार्करचं टोपण उघडून.

“पुस्तिकेत बघून काढलंय,” मी म्हटलं. “आई शप्पथ.”

“शपथ घेऊ नये. आणि थापा मारू नयेत.”

“थाप नाही! तिथल्या भिंतीवर असंच आहे. त्या पहिल्या लोकांनी काढलंय. चौकोनी पेटी, आत एकटा नोहा, हात वर. तू पुस्तिका उघडलीस कुठे?”

ती चित्राजवळ सरकली. भोंगा हसत होती, त्यामुळे तिच्या हातातला टॉर्च हलत होता आणि नोहाही.

“हात वर, म्हणजे प्रार्थना करतोय,” मावशी पुटपुटली. “आणि कबुतर?”

“हे काय इथे.”

“मला वाटलं कोंबडी.”

“टीचर,” भोंगानं विचारलं, “एवढ्याशा पेटीत त्याला भीती नाही वाटत?”

मावशीचा नियम आहे, पोरांच्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. तिनं मान वर केली, तर डोकं छपराला टेकलं. ओठांवर घाम दिसला मला. आपण कुठे बसलोय ते तिला आत्ता कळलं होतं. वाटलं, संपलं, आता ही खोकी फाडून पळणार.

“वाटते,” ती म्हणाली. “खूप वाटते. म्हणून तर हात वर केलेत.”

तिनं मार्करला टोपण लावलं. काहीच न खोडता! मग तिची गाडी सुटली. “पण पेटीला झाकण आहे का? रंग कोणता? इतकी वर्षं मी पोरांना जहाजच दाखवत आले रे! हे प्रत्यक्ष बघायला पाहिजे.”

“मग जा की बघायला!” मी इतक्या जोरात ओरडलो की छप्पर थरथरलं.

“जा! जा! जा!” पोरांनी गिल्ला केला. आणि बाहेर खुर्चीवर मावशीचा फोन वाजायला लागला.

तिच्या पुढे पोरं, मागे मी. वळायलाही जागा नाही. “तुफान, पळ! ठेवतील त्या!”

“काय सांगू?”

“येते म्हणून सांग, गधड्या! आणि विचार, नोहासमोर किती वेळ थांबू देतात!”

मी खेकड्यासारखा उलटा निघालो. चिकटपट्टी सुटली, छप्पर सगळ्यांच्या डोक्यावर आलं आणि आत एकच खिदळणं. त्यात मावशीचंही होतं.

“हॅलो, टीचर आहेत का?” बाई म्हणाल्या.

“आहेत, पण बोगद्यात आहेत. येणार आहेत त्या. नक्की!”

आज तिचं विमान. त्या दिवसापासून काही जादू झालेली नाही. लिफ्ट दिसली की अजून जिना धरते. म्हणून म्हटलं, बॅग मी लिफ्टनं आणतो, तू हो पुढे जिन्यानं. ती चपला घालतेय, तेवढ्यात मी हे शेवटचं लिहून घेतोय.

थांबा. बाहेरून गाणं ऐकू येतंय. मोठ्यानं, बाथरूममधल्यासारखं.

डोकावलो, तर लिफ्टमध्ये उभी आहे! डोळे गच्च मिटलेले, एक पाय दारात अडकवलेला, एका हातात बॅग, दुसऱ्यानं लिफ्टचा दांडा धरलेला. “बटण दाबायला ये रे लवकर, माझे हात मोकळे नाहीत!” म्हणून ओरडतेय. मला आता निघायला हवं.