वस्तादाचं बोट

पहाटेची मोजणी आटोपली की बराकीच्या ओट्यावर वस्ताद दुकान मांडी. दुकान म्हणजे पालथी बादली, पाण्याचं टमरेल, तुरटीचा खडा आणि वस्तरा. पातं मोडून दोन तुकडे करायचे, एक आजचा, एक उद्याचा, ही तुरुंगातली काटकसर. गिऱ्हाईक बदललं की वस्तरा पाण्यात बुचकळून फडक्याला पुसायचा. तेवढ्यानं तो स्वच्छ होतो, याबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती.

आज बादलीवर कुणीच बसलं नाही. "ऋषी झालो तरी चालेल, वस्ताद," शेजारच्या कैद्यानं दाढी कुरवाळत म्हटलं. सगळे हसले. वस्तादही हसला, पण उशिरा.

गेल्या आठवड्यात बोट टोचून हेपॅटायटिस सीची तपासणी झाली होती. हा आजार रक्तातून पसरतो आणि यकृत पोखरतो, असं तुरुंगाच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं समजावलं होतं. दुसऱ्यांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणाऱ्या वस्तादाला स्वतःच्या रक्ताचा थेंब दिसला तरी घेरी येई. म्हणून त्याच्या पथारीशेजारचे मामा रांगेत दोनदा उभे राहिले: एकदा आपला बिल्ला लावून, एकदा वस्तादाचा. गर्दीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. काल दोघांनाही दवाखान्यात बोलावलं गेलं. दोघांच्याही बिल्ल्यावरच्या रक्तात आजाराची खूण सापडली होती. सिस्टरनं आडोशाला सांगितलं, पण तुरुंगातल्या भिंतींना कान होते, आणि संशय वस्तऱ्यावर आला.

वस्तादाच्या डोक्यात नुसता गुंता झाला. खूण सापडली ती मामांच्या रक्तात. मग आपण निरोगी? पण मामांची हनुवटी आपल्याच हातून कितीदा कापली गेली, आणि त्याच पात्यानं आपण आपलीही दाढी केली. मग आपण आजारी? सिस्टर तर म्हणाली होती, या बोटाच्या तपासणीतून आजार कधीतरी शिरला होता एवढंच कळतं. तो अजून आहे का, हे दंडातलं रक्त सांगेल. असला तर काही महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. म्हणजे मामाही आजारी असतील किंवा नसतील. विचार करावा तसा सुताचा गुंडा आणखीच गुरफटत होता.

खरं सांगावं, तर मामांची लबाडी उघडी पडणार आणि त्यांची शिक्षेतली सूट जाणार. गप्प बसून पुन्हा मामांनाच पुढे करावं, तर आपलं रक्त कसं आहे ते कधीच कळणार नाही. आणि आज ना उद्या गिऱ्हाईक पुन्हा बादलीवर बसेल, त्याच वस्तऱ्याखाली.

दंडातलं रक्त द्यायला दोघं दवाखान्याच्या रांगेत उभे राहिले, तेव्हा मामा कुजबुजले, "आताही मीच जातो. तुझ्या वाट्याच्या गोळ्याही मीच खाईन."

"आणि माझ्या अंगात असला तर?"

"तू तर धडधाकट दिसतोस."

"तुम्हीही दिसताच की, मामा."

मामा एक पाऊल मागे सरले आणि त्याला पुढे जायला जागा करून दिली.

वस्तादानं सिस्टरला हलक्या आवाजात सगळं सांगितलं. तिनं मान वर करून आधी त्याच्याकडे, मग मामांकडे पाहिलं, आणि आधी बोटाच्या तपासणीसाठी नवी सुई उघडली. त्यानं बोट पुढे केलं. घेरी आली, तशी त्यानं टेबलाची कड धरली.

निघताना त्यानं उद्यासाठी राखलेला पात्याचा तुकडा खिशातून काढला आणि वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकला.