वहीची मागची बाजू

आमचे हे गावचे पाद्री. प्रवचन रटाळ देतात, हे मी बायको असूनही सांगते. तरी डॅमरिस पेल, जमीनदारांची तरुण विधवा सून, दर रविवारी पुढच्या बाकावर बसून त्यांचं प्रवचन वहीत उतरवून घ्यायची. त्याचा यांना कोण अभिमान!

आम्हाला इथे येऊन वर्षच झालं होतं. यांचे वरिष्ठ, आर्चडीकन, तपासणीला येणार, खूश झाले तर शहरातलं मोठं चर्च मिळणार, असं कळल्यावर यांनी जुनी प्रवचनं चाळायला डॅमरिसची वही मागून आणली. पुढून प्रवचनंच होती. वही उलटी करून मागून उघडली, तर तिथे तिच्या स्वतःच्या प्रार्थना आणि कविता. एक कविता तिच्या गेलेल्या बाळावर होती. पाळणा रिकामा आहे, तरी माझा पाय त्याला झोका देतोच, त्याला कसं थांबवू, असं ती देवाला विचारत होती. मला पुढची अक्षरं दिसेनात.

"हीच म्हणतो," हे म्हणाले.

"अहो, ती तिची आहे! लाज नाही वाटत?"

"चार ओळी घेतल्या तर काय बिघडलं? आणि या ओल्या घराच्या नावाने रोज खडे कोण फोडतं?"

घर खरंच ओलं होतं.

रविवारी आर्चडीकनसमोर यांनी ती कविता म्हटली, 'माझा पाळणा', 'माझं बाळ' सगळ्यासकट. वर आवाजही कापवला. बायका डोळे पुसू लागल्या. वही आमच्याकडे, म्हणून डॅमरिस सुट्या कागदावर लिहीत होती; तिची लेखणी थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चर्चच्या दारात आर्चडीकन थेट माझ्यापाशी आले. म्हातारा भला माणूस, डोळे भरलेले.

"बाई, तुमच्यावर असा घाला पडलाय, मला ठाऊक नव्हतं. नाव काय ठेवलं होतं बाळाचं?"

मला मूल कधी झालंच नाही. हे माझ्याकडे केविलवाणे बघत होते.

"टोबायस," शेजारून डॅमरिस हळूच म्हणाली.

मैत्रिणीला सावरतेय, असंच आर्चडीकनना वाटलं असणार.

"टोबायसच्या आईला देव बळ देवो," म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो मी झटकायला हवा होता. तिची वही परत द्यायला आणली होती, ती शालीखाली घट्ट धरून मी मान वाकवली.

शेजारी डॅमरिसनेही मान वाकवली होती.